जगभर गाजलेल्या लेण्यांना ज्या गावाने नाव दिलं, ते अजिंठा गाव नेमकं वसलं कसं?

'अजिंठा' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हातात कमळ घेतलेला पद्मपाणी, घोड्याच्या नालासारखी दरी, शाळेची सहल. गुगलवर शोधलं तरी पहिल्या पानभर लेण्यांचेच फोटो दिसतात.

पण अजिंठा हे मुळात एका गावाचं नाव आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या सिल्लोड तालुक्यात, घाटमाथ्यावर हे गाव आहे. गावाला जुनी तटबंदी आहे, वेशी आहेत, बारादरी आहे. लेणी इथून रस्त्यानं साधारण १० ते १२ किलोमीटरवर, घाट उतरून खाली. लेणी बघायला जाणारी बहुतेक वाहनं याच गावावरून पुढे जातात, पण थांबतं कुणीच नाही.

मग हे गाव इथं आलं कुठून? लेण्यांमुळे गाव वसलं का? तर नाही. गावाचा आणि लेण्यांचा जन्म वेगवेगळ्या कारणांनी झालाय, आणि दोन्हींमध्ये हजारेक वर्षांचं अंतर आहे.

हीच गोष्ट जरा नीट समजून घेऊ.

लेण्यांमध्ये 'अजिंठा' हे नावच नाही

आधी लेण्यांचा हिशोब मांडू. वाघूर नदीच्या दरीत सुमारे ३० लेणी आहेत. सगळ्यात जुनी लेणी इसवी सनाच्या आधीची, सातवाहन काळातली. दुसरा मोठा टप्पा पाचव्या शतकातला, वाकाटकांचा. तेव्हा वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशिमला वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती आणि हरिषेण हा राजा होता. त्याचा मंत्री वराहदेव याने १६ क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. तसा लेखच तिथं आहे. २६ क्रमांकाच्या लेण्यात बुद्धभद्र या भिक्षूचा लेख आहे.

म्हणजे राजाचं नाव आहे, मंत्र्याचं नाव आहे, भिक्षूचं नाव आहे. पण या लेखांत 'अजिंठा' हे नाव कुठंही येत नाही.

नावाचा उगम सांगणारं एक मत असं की ते 'अजित' या शब्दावरून आलं असावं. बौद्ध परंपरेत पुढे येणाऱ्या बुद्धाला, म्हणजे मैत्रेयाला, 'अजित' असंही म्हणतात. हे मत ऐकायला छान वाटतं, पण तो अभ्यासकांचा तर्क आहे, एवढं लक्षात ठेवायचं.

हरिषेणानंतर लेण्यांचं काम थंडावलं. पुढे भिक्षूंची वर्दळ कमी होत गेली आणि दरीत झाडी माजली. गाव म्हणून अजिंठा इतिहासात ठळकपणे दिसायला लागतं ते त्यानंतर कित्येक शतकांनी. त्याला कारण ठरला घाट.

गावाची खरी आई म्हणजे घाट

नकाशा काढून बघा. मराठवाड्याचं पठार आणि खानदेशचा सखल भाग यांच्यामध्ये सातमाळा-अजिंठ्याची डोंगररांग भिंतीसारखी आडवी पसरली आहे. रांगेच्या दक्षिणेला पडणारं पाणी गोदावरीकडे जातं आणि उत्तरेला पडणारं तापीकडे. अजिंठ्याजवळ उगम पावणारी वाघूर उत्तरेला उतरते, लेण्यांच्या दरीत सात कुंडांवरून उड्या घेते आणि पुढे जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते.

आता या भिंतीच्या दोन्ही बाजूंना काय होतं ते बघा.

उत्तरेला बऱ्हाणपूर. हे शहर साधारण १४०० च्या सुमारास खानदेशच्या फारुकी सुलतानांनी वसवलं. त्याला नाव दिलं सुफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचं. त्यांचा दर्गा आहे खुलताबादला, म्हणजे डोंगराच्या अलीकडे. तेव्हापासूनच ही दोन टोकं एकमेकांशी जोडलेली होती. पुढे बऱ्हाणपूर मुघलांच्या ताब्यात गेलं आणि त्यांच्या दख्खन मोहिमांचं मुख्य ठाणं झालं. तिथलं कापड दूरदेशी जायचं.

दक्षिणेला दौलताबाद होतंच. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी हे शहर वसवलं. तेच पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झालं, आजचं छत्रपती संभाजीनगर.

एकीकडे बऱ्हाणपूर, दुसरीकडे औरंगाबाद. फौज असो, खजिना असो, कापडाचे गठ्ठे असोत की मिठाच्या गोण्या लादलेले लमाणांचे तांडे, मधली डोंगररांग ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि ओलांडायची तर जिथं वाट आहे तिथूनच. अजिंठ्याचा घाट ही त्यातली एक महत्त्वाची वाट होती.

घाट म्हटला की दोन मुक्काम आलेच, एक चढण्याआधी आणि एक उतरण्याआधी. बैलांना दम खायला पाणी आणि चारा लागतो. अंधारात घाटात शिरणं म्हणजे लुटारूंना आमंत्रण, त्यामुळे रात्र काढायला सुरक्षित जागा लागते. म्हणून पायथ्याला फर्दापूर आणि माथ्यावर अजिंठा अशी जोडी तयार झाली. फर्दापूरची जुनी सराई औरंगजेबाच्या काळातली मानली जाते.

सराई म्हणजे त्या काळचा हायवेवरचा मोटेल समजा. चारही बाजूंनी भिंत, भिंतीला लागून खोल्या, मधे मोकळं अंगण, पाण्याची सोय आणि एक मोठं दार. रात्री दार बंद झालं की आतली माणसं, जनावरं आणि माल सुरक्षित.

गावाचा 'जन्मदाखला' असतो का?

इथं एक मजेशीर तुलना करता येईल. युरोपात, विशेषतः पोलंडमध्ये, मध्ययुगात शहर वसवायचं म्हणजे रीतसर सनद निघायची. क्राकोव्ह शहराला ५ जून १२५७ रोजी तिथला ड्यूक बोलेस्लाव याने अशी सनद दिली. शहराचा कारभार कुठल्या कायद्याने चालेल, वसाहत उभी करायची जबाबदारी कुणाची, नवीन रहिवाशांना किती वर्षं करमाफी, हे सगळं त्यात लिहिलेलं. त्यामुळे तिथली शहरं आपला वाढदिवस तारखेनिशी साजरा करतात.

आपल्याकडे असं काही नव्हतं का? होतं की. फक्त पद्धत वेगळी होती. नवीन पेठ वसवायची असली की राज्यकर्ता 'कौल' द्यायचा. कौल म्हणजे लेखी अभय. 'या, दुकानं थाटा, घरं बांधा, अमुक वर्षं कर माफ, नंतर हळूहळू वाढवत नेऊ.' पडीक जमीन लागवडीखाली आणायलाही असाच चढत्या दराचा 'इस्तावा कौल' मिळायचा. पेठेचा कारभार बघायला शेटे आणि महाजन असायचे, गावगाडा चालवायला पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार. बाजार भरणाऱ्या, सरकारी ठाणं असलेल्या मोठ्या गावाला कसबा म्हणायचे.

पण सगळ्याच गावांना असा एका दिवसाचा जन्म मिळत नाही. काही गावं वाटेवर हळूहळू साचत जातात. आधी पाण्याची जागा, मग मुक्काम, मग चार दुकानं, मग जकातीचं नाकं, मग चौकी. आणि एक दिवस राज्यकर्त्याच्या लक्षात येतं की ही जागा हातातून गेली तर आपलं काही खरं नाही. तेव्हा तिथं तट उभा राहतो. अजिंठ्याचं असंच झालं.

१७२७ च्या सुमारास तट उठला

अजिंठ्याच्या तटबंदीचं श्रेय पहिला निजाम, म्हणजे निजाम-उल-मुल्क आसफजाह याला दिलं जातं, आणि साल सांगितलं जातं १७२७. हे साल नीट लक्षात घेतलं की गाव का बांधलं गेलं ते आपोआप कळतं.

१७२४ मध्ये साखरखेर्डा इथं निजामाने मुबारिझ खानाचा पराभव केला. त्यानंतर तो दख्खनचा जवळपास स्वतंत्र मालक झाला. नावाला दिल्लीचा बादशहा होता, पण हुकूम निजामाचा चालायचा. आणि तेव्हा त्याचं मुख्य ठिकाण हैदराबाद नव्हतं, औरंगाबाद होतं. राजधानी हैदराबादला गेली ती पुढे १७६३ मध्ये.

म्हणजे १७२७ मध्ये निजाम औरंगाबादला बसलाय. उत्तरेला बऱ्हाणपूर, त्यापलीकडे नर्मदा आणि शेवटी दिल्ली. तिकडून येणारा धोकाही याच बाजूने येणार आणि तिकडे जाणारा पैसाही याच बाजूने जाणार. अशा वेळी घाटमाथ्यावरचं गाव उघडं ठेवून चालणार होतं का?

त्यात समोर थोरले बाजीराव पेशवे होते. १७२७ च्या अखेरीस मराठे आणि निजाम यांच्यात युद्ध पेटलं. बाजीरावांनी निजामाच्या मुलखात मुसंडी मारली, बऱ्हाणपूरवर चालून जात असल्याची हूल दिली आणि निजामाला आपल्यामागे पळायला लावलं. शेवटी २८ फेब्रुवारी १७२८ ला पालखेडला निजाम कोंडीत सापडला आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावला तह झाला. वेगाने हालणाऱ्या मराठा घोडदळापुढे घाट, नदीचे उतार आणि तटबंदी असलेली गावं यांना किती महत्त्व होतं, ते या एका मोहिमेतून दिसतं.

तटामुळे गावाचं रूप पालटलं. तट म्हणजे फक्त भिंत नसते. तट असला की आत शिबंदी राहते. शिबंदीला धान्य लागतं म्हणून व्यापारी येतात. हत्यारांना लोहार, घोड्यांना नालबंद, कपड्यांना शिंपी लागतात. वेशी बंद करता येतात म्हणून जकात चुकवता येत नाही. सरदार आणि अधिकारी येऊन राहायचे म्हणून बारादरीसारखी इमारत उभी राहते. अशा पद्धतीने एक मुक्काम कसब्यात बदलतो.

एक योगायोगही सांगण्यासारखा आहे. हा पहिला निजाम १७४८ मध्ये वारला तो बऱ्हाणपूरला, आणि त्याचं दफन झालं खुलताबादला, बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या आवारात. ज्या संताच्या नावाने बऱ्हाणपूर वसलं, त्याच संताच्या शेजारी. शेवटच्या प्रवासातही त्याला हीच डोंगररांग ओलांडावी लागली.

अजिंठा सरहद्दीवरचं गाव झालं

१७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर आणि आसपासचा मुलूख मराठ्यांकडे गेला. घाटाखाली मराठे, घाटावर निजाम. आता अजिंठा रस्त्यावरचं गाव होतंच, शिवाय सीमेवरचंही झालं.

याचा परिणाम १८०३ मध्ये दिसला. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांच्या फौजा ऑगस्टमध्ये अजिंठ्याचा घाट चढून निजामाच्या हद्दीत आल्या. त्यांच्यामागे होता आर्थर वेलस्ली. हाच पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं.

२३ सप्टेंबर १८०३ ला असईला लढाई झाली. असई आज जालना जिल्ह्यात आहे, अजिंठ्यापासून सरळ रेषेत साधारण ३० किलोमीटरवर. शिंद्यांच्या तोफखान्याने इंग्रजांचं प्रचंड नुकसान केलं. लढाई वेलस्लीने जिंकली, पण त्याचे ४०० हून जास्त सैनिक मारले गेले आणि ११०० च्या वर जखमी झाले. या जखमींसाठी इस्पितळ उभारलं गेलं ते अजिंठ्यात. तट असलेलं, पाणी असलेलं आणि निजामाच्या म्हणजे इंग्रजांच्या मित्राच्या ताब्यातलं जवळचं ठिकाण हेच होतं. वेलस्लीच्या पत्रांत या जागेचं नाव 'अ‍ॅडजंटी' अशा वळणाने लिहिलेलं आढळतं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुर्जी-अंजनगावचा तह झाला. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेला, गोदावरीपर्यंत शिंद्यांचे जे परगणे होते ते त्यांना सोडावे लागले. म्हणजे या डोंगराचं नाव थेट तहाच्या कलमात आलं. डोंगर ही सीमा झाली आणि अजिंठा हे त्या सीमेचं ओळखीचं नाव झालं.

मग लेण्यांना गावाचं नाव कसं लागलं?

एव्हाना उत्तर लक्षात आलं असेल.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला होता. त्याला झाडीतून लेण्याची कमान दिसली. १० क्रमांकाच्या लेण्यात शिरून त्याने खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरली. ती अजूनही तिथं आहे.

लेण्यांच्या अगदी डोक्यावर जे गाव आहे ते अजिंठा नाही, लेणापूर आहे. नावच बघा ना, लेण्यांवरून पडलेलं. म्हणजे 'लेणी शोधली' असं आपण म्हणत असलो तरी आसपासच्या लोकांना ती माहीत होतीच. अंतराचाच नियम लावायचा तर ही 'लेणापूरची लेणी' व्हायला हवी होती.

पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदोपत्री लेणापूर कुणाला माहीत होतं? अजिंठा मात्र सगळ्यांना माहीत. १६ वर्षांपूर्वीच त्यांचे जखमी सैनिक तिथं राहून गेले होते. घाट अजिंठ्याचा, डोंगर अजिंठ्याचे, तटाचं गाव अजिंठा. मग त्या दरीतली लेणीही अजिंठ्याचीच झाली.

पुढे गावाने लेण्यांची सेवाही केली. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मेजर रॉबर्ट गिल याच्याकडे चित्रांच्या नकला करायचं काम दिलं. लेण्यांजवळ राहण्यासारखं काही नव्हतं. गिलचा मुक्काम पडला अजिंठ्याच्या बारादरीत. वर्षानुवर्षं तो इथून लेण्यांपर्यंत ये-जा करत राहिला. त्याची सोबतीण पारो हिचं १८५६ मध्ये निधन झालं आणि तिची कबर अजिंठा गावातच आहे. गिलने रंगवलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. त्या दोघांच्या गोष्टीवर ना. धों. महानोरांनी दीर्घकाव्य लिहिलं आणि त्यावरून २०१२ मध्ये 'अजिंठा' हा सिनेमा आला.

नाव मोठं झालं, गाव मागं पडलं

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली. ती गेली तापीच्या खोऱ्यातून, भुसावळमार्गे. औरंगाबादला रेल्वे आली ती मनमाडच्या बाजूने. बैलांच्या तांड्यांना आता घाट चढायची गरज राहिली नाही. ज्या वाटेने गावाला जन्म दिला होता, तिचं महत्त्वच कमी झालं.

दुसरीकडे लेण्यांची कीर्ती वाढत गेली. १९२० च्या दशकात हैदराबाद संस्थानाने चित्रं वाचवायला इटलीहून तज्ज्ञ आणले. १९८३ मध्ये युनेस्कोने लेण्यांना जागतिक वारसा जाहीर केलं. मधल्या काळात १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं. सीमेवरचं गाव आता फक्त दोन जिल्ह्यांच्या मधल्या रस्त्यावरचं गाव उरलं.

पर्यटकांसाठीची हॉटेलं आणि पार्किंग फर्दापूरच्या बाजूला झाली. अजिंठ्यातल्या तटाची मात्र पडझड होत राहिली. यात कुणी मुद्दाम अन्याय केला असं नाही. पण ज्या भिंतींनी लेण्यांना नाव दिलं, त्या ढासळल्या तर गावाच्या जन्माचा एकमेव दाखलाही जाईल. क्राकोव्हकडे निदान सनदेचा कागद आहे, अजिंठ्याकडे हे दगडच आहेत.

थोडक्यात सांगायचं तर

- पाचवं शतक: वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात लेण्यांचा दुसरा मोठा टप्पा. लेखांत अजिंठा हे नाव नाही.
- १७ वं शतक: बऱ्हाणपूर-औरंगाबाद वाटेवर घाटाचं महत्त्व वाढलं.
- १७२७ च्या सुमारास: पहिल्या निजामाच्या काळात गावाला तटबंदी.
- १८०३: असईच्या लढाईनंतर अजिंठ्यात जखमींसाठी इस्पितळ.
- १८१९: जॉन स्मिथ लेण्यांपर्यंत पोहोचला. लेण्यांना गावाचं नाव मिळालं.
- १८४४: रॉबर्ट गिलकडे नकलांचं काम. मुक्काम अजिंठ्याच्या बारादरीत.
- १९८३: लेणी जागतिक वारसा यादीत.

पुढच्या वेळी छत्रपती संभाजीनगरहून लेणी बघायला निघालात, तर सिल्लोड मागे टाकल्यावर घाट सुरू होण्याआधी हे गाव लागेल. अर्धा तास काढा. वेस बघा, तट बघा, पारोची कबर बघा. आणि मग घाट उतरायला लागा, जसे तीनशे वर्षांपूर्वीचे तांडे रात्रीचा मुक्काम आटोपून सकाळी उतरायचे.